आखाजीचा झोका आणि पोरांची मोकळी जागा

गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गावांत या गप्पांमध्ये एक तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते, "ताई, पोरांना खेळायला जागाच राहिली नाही." मग कुणी मोबाईलला दोष देतं, कुणी शाळेला. आज आपण जरा मागे जाऊन बघू या. ही जागा आधी होती कुठे आणि ती गेली कुठे?

गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं, की तुमच्या लहानपणी गावात मैदान होतं का, तर त्या हसतात. मैदान हा शब्दच त्यांच्या गावात नव्हता. गावाभोवती कामाच्या जागा होत्या. खळवाडी होती, गायरान होतं, बाजारतळ होता, नदीचं पात्र होतं. ज्या वेळी तिथे काम नसेल त्या वेळी ती जागा पोरांची. कुणी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.

खळ्याचंच बघा. ज्वारी-बाजरी काढणीला आली की गावाबाहेर खळी तयार व्हायची. जमीन चोपून, पाणी मारून, शेणानं सारवून ती गुळगुळीत करायची, मधे तिवडा रोवायचा आणि बैलांची पात फिरायची. दाणे घरी गेले की मागे उरायचं ते टणक, सपाट अंगण. खडा नाही, काटा नाही. लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू, सगळं तिथेच. आजच्या भाषेत सांगायचं तर दरवर्षी गाव आपल्या हातानं नवं क्रीडांगण तयार करत होतं आणि त्याचा खर्च पिकाच्या हिशोबात निघून जात होता. मळणी यंत्र थेट वावरात आलं तसं खळ्याचं काम संपलं. खळवाडीच्या जागी कुठे गोठे आले, कुठे घरं, कुठे कडब्याच्या गंजी. बायकांच्या कमरेचा त्रास यंत्रानं वाचवला, हे आम्ही विसरत नाही. पण पोरांची जागा त्याच सौद्यात गेली, हेही खरं आहे.

या जागांची नोंद सरकारदरबारी होती. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यासाठी १८७९ चा जमीन महसूल कायदा झाला. त्यात गुरांच्या चराईसारख्या गावाच्या कामांसाठी पडीक जमीन राखून ठेवायची सोय होती. आज आपल्याकडे लागू आहे तो १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. त्याच्या कलम २२ मध्ये जिल्हाधिकारी कशाकशासाठी जमीन राखून ठेवू शकतात याची यादी आहे. गुरांचं चरणं, स्मशान, गावठाण, पडाव, खळं, बाजार, रस्ते आणि शेवटी इतर कोणतंही सार्वजनिक काम. म्हणजे खळ्याला सुद्धा कायद्यात जागा आहे! खेळाचं मैदान मात्र त्या शेवटच्या 'इतर सार्वजनिक कामा'त बसवावं लागतं. अशी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, हे मात्र त्याच कलमात आहे. आपल्या कामाचं वाक्य ते.

आता आखाजी. अक्षय्य तृतीया सगळ्या महाराष्ट्रात आहे, पण आपल्या खान्देशात ती आखाजी आहे आणि ती लेकींची आहे. सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं साल इथूनच धरलं जातं. वावर मोकळं असतं, ऊन डोक्यावर असतं आणि सासुरवाशीण माहेरी आलेली असते. घरात गौराई बसते, आंगणातल्या किंवा गावाबाहेरच्या निंबाच्या झाडाला दोर पडतो आणि झोके सुरू होतात. दोघी दोघी उभ्या राहून झोका चढवतात, गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासूचं, नणंदेचं, भावाचं सगळं बोलून घेतात. ज्या बाईला वर्षभर मोठ्यानं हसायची चोरी, ती त्या दिवशी गावासमोर आकाशात पाय मारते. पुढे भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई. मुली दारोदार जाऊन गाणी म्हणायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायचा.

आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जुन्या गावात मुलींच्या खेळाला तिथी होती. मुलगा रोज गायरानावर, नदीवर जायचा. मुलीच्या कडेवर भाऊ आणि डोक्यावर हंडा, पण आखाजीला आणि भुलाबाईला तिला कुणी अडवत नव्हतं. आता शेतातली, गावाबाहेरची निंबं कमी झाली, आंगण सिमेंटचं झालं, झोका घरातल्या हुकाला गेला. तिथी राहिली, जागा गेली. मुलांकडे निदान रस्त्यावरचं क्रिकेट उरलं. मुलींकडे काय उरलं?

नदीची गोष्ट निराळी नाही. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखात तिथेच यात्रा भरते, पाळणे लागतात. पांझरा, गिरणा, तापी, वाघूर, सगळ्यांच्या काठच्या गावांना उन्हाळ्यात वाळूचं मैदान आपोआप मिळायचं. कुस्तीचा पहिला डाव पोरं तिथेच शिकायची, पडलं तरी लागत नाही म्हणून. वाळूचा उपसा वाढला आणि पात्रात खड्डे झाले. पावसाळ्यात ते पाण्यानं भरले की वरून समजत नाही. आज कुठलीच आई पोराला "जा, नदीवर खेळ" म्हणत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

गावाशेजारी पूर्वी किती मोकळी जागा असायची याचा एक दाखला इतिहासात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, आणि शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांसारख्या गावातल्याच सामानानं तो परिसर सजवला होता. एवढा मोठा मेळा गावाला लागून मावला. आज त्याच रावेर-यावल पट्ट्यात केळी उभी असते. केळीचं वावर उन्हाळ्यात रिकामं पडत नाही, त्यामुळे पीक निघाल्यावर वावरात खेळायची सोयही तिथे उरत नाही. कोरडवाहू कापसाच्या गावात निदान दोन-तीन महिने तरी ती मिळते.

शहराकडे वळू. धुळ्याची नवी वस्ती कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ च्या सुमारास सरळ रेषेत आखली. म्हणून तिथे आजही गल्लीला नंबर आहे. त्या गल्ल्या रुंद होत्या आणि मोटारी नव्हत्या, म्हणून गल्लीच मैदान होती. पुढे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटले, रुंद झाले आणि कडेच्या कितीतरी वस्त्यांची शाळा एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला झालं.

मुलांसाठी मुद्दाम जागा करायची ही कल्पना जगात तशी नवीच आहे, आणि तिच्यात बायकांचा हात मोठा आहे. १८८५ मध्ये मारी झाकर्झेवस्का नावाच्या एका डॉक्टरबाईंनी बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी टाकलेले वाळूचे ढीग पाहिले. त्यांनी अमेरिकेत बोस्टनच्या आपल्या ओळखीच्या मंडळाला तसं कळवलं. तिथल्या बायकांनी गरीब वस्तीतल्या एका प्रार्थनागृहाच्या आवारात वाळूचा ढीग टाकला. अमेरिकेतल्या सार्वजनिक खेळाच्या जागांची सुरुवात तिथून धरतात. ना लोखंडी घसरगुंडी, ना उद्घाटनाची पाटी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच ओळखलं. पोरं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या आंगणात न्यायची. 'अंगणवाडी' हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्द त्या कामातून आला.

मग आज जागा शोधायची कुठे? तालुक्याच्या गावाजवळ नव्या कॉलन्या होतात. एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये साधारण दहा टक्के जागा 'ओपन स्पेस' म्हणून सोडावी लागते. ती नकाशावर असते. प्रत्यक्षात तिथे मंदिर, मंडप, गाड्या, नाहीतर कुलूप लावलेलं फाटक असतं. कुठे ओपन जिमची लोखंडी यंत्रं बसवतात. ती मोठ्यांची आहेत, लहान मुलांची बोटं त्यात अडकतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी लोखंडी घसरगुंडीवर बसून दाखवा बरं कुणी! खान्देशात आधी निंब लावायचा, मग घसरगुंडी.

गावात गायरान बघायचं. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणांची नोंद असते. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जागा आणि आधीपासून असलेल्या शाळा-दवाखान्यांसाठी अपवाद ठेवला आहे. आपल्या गायरानांवर भिल्ल आणि मजूर कुटुंबांच्या झोपड्या आहेत. एका पोराच्या मैदानासाठी दुसऱ्या पोराचं छप्पर काढावं, असं आमचं म्हणणं नाही. अतिक्रमण म्हटलं की आधी त्यांच्याकडे बोट जातं आणि मोठ्या वावरवाल्यानं बांध सरकवून घेतलेली दोन एकर कुणाला दिसत नाहीत, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

जागा फार लागतही नाही. बायकांच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे एक गुंठ्याहूनही थोडं कमी. खो-खोला २७ बाय १६ मीटर, सव्वाचार गुंठे. शाळेला क्रीडांगण हवंच, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, तिथे ठराव लिहून घेता येतो.

आमच्या माहितीतल्या एका गावात गटांच्या बायांनी असंच टेप घेऊन गाव मोजलं. बायांना बैठकीसाठी सभागृह हवं होतं आणि ते बाजारतळाच्या बरोबर मधोमध आखलं होतं. आठवड्यातून एक दिवस बाजार, उरलेले सहा दिवस तिथे पोरं. दोन बैठका वाद झाला. "हॉल परत मिळणार नाही" असं निम्म्या जणी म्हणत होत्या, आणि ते काही चुकीचं नव्हतं. शेवटी सभागृह कडेला, अंगणवाडीच्या भिंतीला लागून घ्यायचं ठरलं. ओट्यावर बसलेल्या बायांना सगळी जागा दिसते, म्हणून मुलींना पाठवायला घरातून ना नाही. आखाजीला निंबाला बांधलेले दोन दोर नंतर सोडले नाहीत. आता भांडण वेळेचं आहे. पाचनंतर ऊन उतरतं तेव्हा मोठ्या पोरांचं क्रिकेट आणि मुलींची कबड्डी एकदमच येतात. मुलींना पाच ते सहा द्यावेत असं बायांचं म्हणणं आहे. पोरं अजून ऐकत नाहीत.