चार किलोमीटर फिल्म आणि बावीस लाख आरसे

शाळेत असताना यात्रेतल्या तंबू थिएटरच्या मागे आम्ही फिल्मचे तुकडे शोधत असू. फिल्म तुटली की ऑपरेटर खराब झालेल्या चौकटी कापून टाकी आणि उरलेली टोके जोडून खेळ पुढे चालू करी. तो तुकडा उन्हाकडे धरला की नायक दिसे. एकाखाली एक, जवळजवळ सारखाच. वीज लागत नसे, यंत्रही नाही. हा साधा अनुभव लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मूकपटांचा वेग पक्का ठरलेला नव्हता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. आवाजाची पट्टी फिल्मच्याच कडेला छापली जाऊ लागली. वेग बदलला की आवाज बदलणार, म्हणून सेकंदाला २४ चौकटी हा वेग कायम झाला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला १३,५०० फूट, चार किलोमीटरहून अधिक फिल्म लागते (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे). ही फिल्म प्रोजेक्टरमधून सलग सरकत नाही. प्रत्येक चौकट क्षणभर थांबते, आणि ती सरकत असताना झडप प्रकाश अडवते. चौकट स्थिर असतानाही झडप प्रकाश आणखी एकदा तोडते. त्यामुळे पडद्यावर सेकंदाला ४८ वेळा उजेड पडतो आणि डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही.

घरी मात्र वेगळीच तडजोड होती. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. फिल्मच्या २४ चौकटींचा मेळ घालण्यासाठी चित्रपट थोडा वेगाने चालवला जाई. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि गाण्याची पट्टी किंचित चढे. तक्रार फारशी कोणी केली नाही!

डिजिटल चित्रपट आधी घरात आला. १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली. आपल्या पद्धतीच्या डीव्हीडीतील एका चित्रात ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख बिंदू असतात. छोट्या पडद्याला ते पुरत. थिएटरचा पडदा उजळायला दुसरेच साधन लागले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये एका चिपवर अतिसूक्ष्म, कलणारे आरसे बसवले. आरसा एका बाजूला कलला की त्याचा बिंदू उजळतो, दुसऱ्या बाजूला कलला की काळा होतो. उजेडात किती वेळ राहिला यावरून करडी छटा ठरते. थिएटरच्या ‘टू-के’ चिपवर असे २०४८ × १०८० आरसे असतात. १९९९च्या जूनमध्ये अमेरिकेतील चार थिएटरांत ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील नवा चित्रपट डिजिटल पद्धतीने दाखवला गेला. २००५ मध्ये हॉलिवूडच्या कंपन्यांनी समान मानके ठरवली आणि पुढच्या दहा वर्षांत फिल्म बहुतेक थिएटरांतून हद्दपार झाली.

चित्र कोणाचे सरस, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. माझ्या मते निकाल लागला तो खर्चावर. प्रत्येक थिएटरसाठी चार किलोमीटर फिल्म छापण्यापेक्षा हार्ड डिस्क पाठवणे फार स्वस्त पडते. शिवाय शंभराव्या खेळालाही चित्रावर चरा उमटत नाही.

पण दाखवणे वेगळे आणि जपणे वेगळे. फिल्म जपणेही सोपे नव्हतेच. सुरुवातीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने पेटली की पाण्याखालीही विझत नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच उरली, तीही १९१७च्या नव्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. २००३च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून कित्येक जुने चित्रपट जळाले.

मग सगळे डिजिटल करून टाकले की झाले? इथेच तो उन्हाकडे धरलेला तुकडा आठवावा. डिस्कवर चित्र नसते, आकडे असतात. ते वाचायला योग्य यंत्र आणि योग्य प्रणाली लागते, आणि दोन्ही काही वर्षांत जुनी होतात. म्हणून मजकूर सतत नव्या साधनावर उतरवत राहावा लागतो. ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अकादमीच्या २००७च्या अहवालानुसार एका चित्रपटाची मूळ प्रत फिल्मवर जपायला वर्षाला १,०५९ डॉलर लागत, तर डिजिटल स्वरूपात १२,५१४. त्यामुळेच हॉलिवूडमधील काही कंपन्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला चित्रपटही तीन रंगांच्या तीन वेगळ्या कृष्णधवल फिल्मवर उतरवून थंड, कोरड्या कोठारात ठेवत आल्या आहेत. कृष्णधवल अशासाठी, की रंगद्रव्ये उडतात, चांदी टिकते.