ढाबा, बाल्कनी आणि कलम ७७

मी पहिली बिअर प्यायलो ती बाबांच्या हातून. २०१३ चा मे महिना होता. दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि मला सोळा वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. आईबाबांचा घटस्फोट होऊन चार वर्षं झालेली. ताबा आईकडे, आणि महिन्यातला दुसरा नि चौथा शनिवार-रविवार बाबांकडे, असं कोर्टाच्या कागदावर होतं. त्या शनिवारी रात्री चिंचवडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बाबांनी फ्रीजमधली बाटली फोडली, माझ्यासाठी स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला ओतली आणि म्हणाले, "बाहेर चोरून पिण्यापेक्षा माझ्यासमोर पी."

दुसरी वेळ पंधरा दिवसांनी, जुन्या मुंबई-पुणे हायवेवरच्या एका ढाब्यावर. बाबांनी दोन ग्लास मागवले. वेटरने माझ्याकडे नीट बघितलंही नाही.

या दोन रात्री माझ्या आठवणीत कायम एकत्रच होत्या. कायद्याच्या लेखी त्या एकत्र नव्हत्या, हे मला कळायला अकरा वर्षं लागली.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. गेलेले दोघंही सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दुसरं काही चालूच नव्हतं. जामिनासाठी सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळे तुटून पडले होते, आणि ते साहजिक होतं. पण मी अडकलो बातमीतल्या एका बारीक ओळीवर. मुलाच्या वडिलांवर आणि त्याला दारू देणाऱ्या बारच्या लोकांवर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ आणि ७७ खाली गुन्हा दाखल झाला होता. मुलाला दारू मिळू देणं हा वडिलांचा गुन्हा ठरू शकतो, हे मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं.

मी कलम काढून वाचलं. माझ्या शब्दांत ते असं: जो कोणी एखाद्या बालकाला मादक पेय, अमली पदार्थ किंवा तंबाखू देईल किंवा देववील, पात्र डॉक्टरच्या सांगण्यावरून दिलं असेल तेवढं सोडून, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बालक म्हणजे अठरा वर्षांखालचं कोणीही. 'जो कोणी' म्हणजे खरोखर जो कोणी. त्यात बार येतो, शेजारी येतो, आणि वडील येतात.

ती डॉक्टरची अट मला विचित्र वाटली. मुलांना दारू लिहून देणारा डॉक्टर कोणी पाहिलाय? आमच्या धंद्यात कोडमध्ये अशी न शोभणारी ओळ दिसली, की ती कुणी नि कधी लिहिली हे आधी बघतात. गिटमध्ये त्यासाठी 'ब्लेम' नावाची कमांडच आहे. कायद्याला तशी सोय नाही, पण जुने कायदे आजकाल फोनवर वाचता येतात. रोज रात्री थोडं थोडं करत मी मागे गेलो, आणि पोचलो थेट १९०८ च्या इंग्लंडमध्ये.

त्या साली ब्रिटिश संसदेने 'चिल्ड्रन अॅक्ट' केला. हर्बर्ट सॅम्युएल या गृहखात्यातल्या उपमंत्र्याने तो पुढे रेटला. त्याचं कलम ११९ वाचताना मी चमकलो, कारण वाक्य ओळखीचं होतं. जो कोणी मुलाला मादक पेय देईल किंवा देववील, पात्र डॉक्टरच्या आदेशावरून, किंवा आजारपणात, किंवा अशाच दुसऱ्या तातडीच्या कारणाने दिलेलं सोडून, त्याला तीन पौंडांपर्यंत दंड. फक्त तिथे मूल म्हणजे पाच वर्षांखालचं. आयांनी रडक्या तान्ह्यांना जिन पाजून झोपवणं ही त्या काळच्या लंडनमधली खरी अडचण होती, आणि ब्रँडी हे तेव्हा डॉक्टरच्या बॅगेतलं औषधच होतं. म्हणून डॉक्टर, म्हणून आजारपण. ओळ त्या जागी अगदी बरोबर बसते. पुढच्याच कलमाने चौदा वर्षांखालच्या मुलांना दारूच्या गुत्त्यात यायला बंदी घातली.

इंग्लंडमध्ये हे वाक्य १९३३ च्या कायद्यात गेलं आणि आजही तिथे वय पाचच आहे. म्हणजे लंडनमध्ये राहणाऱ्या एखाद्या बापाने सोळा वर्षांच्या मुलाला घरात अर्धा पेला बिअर दिली, तर या कलमाखाली गुन्हा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात तर आईबाप सोबत असतील तर मुलाला बारमध्येही दारू देता येते. आपल्याकडे तेच वाक्य आलं आणि अठरापर्यंत चढलं. मधली वाट सरळ नाही.

१९०८ चा साचा समोर ठेवून इथे प्रांतिक कायदे झाले: मद्रासचा १९२० चा, बंगालचा १९२२ चा, मुंबईचा १९२४ चा. मुंबईत तेव्हा जिनची अडचण नव्हती, अफूची होती. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन झोपवून जात. पाळणाघर नाही, रजा नाही, बाळाला सांभाळायला कोणी नाही. त्या बाईला दंड करून काय साधणार होतं, हा प्रश्न कायद्याने विचारलेला मला कुठे दिसला नाही. पोराला अफू देणारी आई आणि पोराला बिअर देणारा माझा बाप एकाच वाक्यात बसतात, हे मला आजही पचत नाही.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात तर दारूबंदीचाच कायदा आहे, मग इतकं मागे कशाला जायचं? आहे खरा. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांनी मुंबई शहरात दारूबंदी आणून बघितली. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि ६ एप्रिल १९५० पासून मोरारजी देसाईंच्या काळात राज्यभर पूर्ण बंदी झाली. पुढे ती सैल झाली, पण कायदा तोच राहिला. म्हणून आजही इथे दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, काउंटरवर एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो तो. बिअर आणि वाइनला वय २१, बाकीच्या दारूला २५. मात्र या कायद्यात खरी गोष्ट आहे ती सरकार आणि पिणारा यांच्यातली. बाप नावाचं पात्र त्यात जवळजवळ नाहीच. त्या बाल्कनीत परवाना माझ्याकडे नव्हता तसा बाबांकडेही नव्हता. त्या कायद्यापुढे आम्ही दोघं सारखेच गुन्हेगार होतो.

बापाची गोष्ट बाल कायद्यांत आहे. १९८६ मध्ये देशभरासाठी एकच बाल न्याय अधिनियम झाला आणि ते इंग्लिश वाक्य त्यात उतरलं, पण एक शब्दसमूह वाढवून: 'सार्वजनिक ठिकाणी'. अमली पदार्थ कुठेही दिले तरी गुन्हा, दारू मात्र चारचौघांत दिली तर. घराच्या दारापाशी कायदा थांबला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यात 'बाल' म्हणजे सोळाखालचा मुलगा आणि अठराखालची मुलगी, म्हणजे मी तेव्हा असतो तर हिशेबातच नसतो. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला, आणि २००० च्या नव्या अधिनियमात मुलगा-मुलगी दोघांनाही वय अठरा झालं. 'सार्वजनिक ठिकाणी' मात्र तसंच राहिलं.

माझ्या दोन रात्री २०१३ मधल्या, म्हणजे २००० च्या अधिनियमाच्या काळातल्या. बाल्कनी: त्या कलमाखाली गुन्हा नाही. ढाबा: गुन्हा, तीन वर्षांपर्यंत. बिअर तीच, बाप तोच, मुलगा तोच.

हे सगळं २०१५ मध्ये बदललं, आणि ज्या गडबडीत बदललं ती अनेकांना आठवत असेल. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन आरोपी सुटला, लोक रस्त्यावर आले, आणि दोन दिवसांत राज्यसभेने नवा बाल न्याय अधिनियम मंजूर केला. वाद सगळा एकाच गोष्टीवर होता: सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर गंभीर गुन्ह्यांसाठी मोठ्यांसारखा खटला चालवायचा का. दारूच्या कलमाबद्दल बाहेर कोणी बोललं असेल असं वाटत नाही. १५ जानेवारी २०१६ ला कायदा लागू झाला. 'सार्वजनिक ठिकाणी' गेलं. आजारपणाचा अपवादही गेला. तीनाची सात वर्षं झाली. डॉक्टर तेवढा टिकला, १९०८ पासून. सर्दी झाली की आजी चमचाभर ब्रँडी गरम पाण्यातून देते अशी घरं मला माहीत आहेत. आज काटेकोर वाचलं तर ती आजीही यात येते.

घर उघडं केलं हे चूक झालं असं मी म्हणत नाही. मुलांचं सगळ्यात जास्त वाईट घरातच होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना दारापाशी थांबणारा कायदा नको असणार. पण घोटभर चव देणारा बाप आणि पोराला दारूला लावणारा बाप यांत फरक करायला या वाक्यात जागाच नाही. तो फरक न्यायाधीशाने शिक्षा ठरवताना करायचा.

आईबाप वेगळे झालेले असतील तर आणखी एक दार उघडतं, आणि ते फौजदारी नाही. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम काय किंवा १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम काय, दोन्हींचा कणा एकच: मुलाचं हित. गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो असं नाही. १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हेत, आणि ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात. म्हणजे ज्या बाल्कनीबद्दल २०१३ मध्ये पोलीस काही करू शकले नसते, तिच्यावरून बाबांचे शनिवार-रविवार जाऊ शकत होते. भेट म्हणून उरले असते कोर्टाच्या आवारातल्या खोलीत दोन तास.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ढाब्यावरून परत आलो तेव्हा आईला वास आला. तिने बाबांना फोन केला नाही, वकीलबाईंना केला. रात्रीचा मुक्काम बंद करावा असा अर्ज पडला, आणि जुलैमध्ये एका दुपारी मी समुपदेशक मॅडमसमोर एकटा बसलो होतो. १८९० च्या कायद्याचं कलम १७ म्हणतं की मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणं विचारात घेता येतं. बिअरसाठी मी लहान होतो, बापाबद्दल मत द्यायला पुरेसा मोठा. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, अकरावीला कुठे प्रवेश घेणार ते विचारलं, मग विचारलं, "बाबांनी कधी काही प्यायला दिलं का रे?"

मी म्हणालो, "नाही. मित्रांबरोबर प्यायलो होतो."

आईने पुढे अर्ज मागे घेतला. शनिवार-रविवार चालू राहिले. बाबांनी मला परत कधी विचारलं नाही. मीही प्यायलो ते पुढे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सगळ्यांसारखा, हॉस्टेलवर. त्या उत्तराने कोर्टाच्या फाइलमध्ये आई खोटी ठरली, हा विचार मात्र अधूनमधून वर यायचा आणि मी तो दाबून टाकायचो.

गेल्या दिवाळीत हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मला जेल झाली असती?"

"बाल्कनीबद्दल नाही. ढाब्याबद्दल."

"पण ढाब्यावर मी कुठे दिली? वेटरने दिली."

"देईल किंवा देववील, असं आहे बाबा. १९०८ पासून."

ते हसले. मग थोड्या वेळाने विचारलं, "तू तेव्हा काय सांगितलंस कोर्टात?" हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चहा टाकायला आत गेले.

आईला सांगायला मला आणखी दोन आठवडे लागले. ती भाजी निवडत होती. मी सुरुवात केली तोच म्हणाली, "माहितीये मला. मित्र कुठले आणलेस तू, तेव्हा तुझे सगळे मित्र सुट्टीला गावी गेलेले."

"मग अर्ज का मागे घेतलास?"

"वकीलबाई म्हणाल्या, आता पुढे न्यायायचं तर मुलाला जजसमोर उभं करावं लागेल, आणि त्याला खोटं पाडावं लागेल." तिने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. "तुला खोटं पाडून मला काय मिळणार होतं रे?"