हाँगकाँगचे बिगर-चिनी रहिवासी: १९९७ नंतर नागरिकत्वाचं काय झालं?

१ जुलै १९९७ ला ब्रिटनने हाँगकाँग चीनच्या ताब्यात दिलं. चिनी वंशाच्या लोकांना चीनने आपले नागरिक मानलं. अडकले ते बिगर-चिनी. यात सिंधी व्यापारी, शीख, पारशी आणि फौज-पोलिसात नोकरीला आलेले पंजाबी, पठाण मुसलमान होते. कौलूनची मशीद १८९६ साली हिंदुस्थानी मुस्लिम शिपायांसाठीच उभी राहिली. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत मुंबईहून गेलेल्या होरमसजी मोदींच्या देणगीची. म्हणजे ही माणसं काल-परवा आलेली नव्हती.

तिथे राहण्याचा हक्क मूलभूत कायद्याच्या कलम २४ ने शाबूत ठेवला होता. पण राहण्याचा हक्क म्हणजे नागरिकत्व नव्हे. हाँगकाँगचा नवा पासपोर्ट फक्त चिनी नागरिकांना. ब्रिटनने दिलेला 'ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)' हा दर्जा प्रवासापुरता. त्यावर ब्रिटनमध्ये स्थायिक होता येत नव्हतं आणि तो मुलांकडेही जात नव्हता. ज्यांच्याकडे कोणताच देश उरत नव्हता त्यांना 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन' केलं गेलं. कागदावर कुणी बेवतन झालं नाही एवढंच! नावात ब्रिटिश, पण ब्रिटनचं दार बंदच.

अनेक वर्षं ब्रिटिश सरकार यावर हटून बसलं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विधेयक लावून धरलं गेलं, आणि ४ फेब्रुवारी १९९७ ला सरकारने माघार घेतली. १९ मार्चला कायदा झाला. हस्तांतरणाला साडेतीन महिनेही उरले नव्हते.

नागरिकत्व आपोआप मिळालं नाही, अर्ज करावा लागे. अट अशी की ४ फेब्रुवारी १९९७ च्या लगेच आधी माणूस हाँगकाँगचा नेहमीचा रहिवासी असावा, हाँगकाँगमुळे मिळालेला ब्रिटिश दर्जा त्याच्याकडे असावा आणि दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व नसावं. खरी गोम शेवटच्या अटीत. 'आपल्याकडे दुसरं नागरिकत्व नाही' हे सिद्ध करायचं कसं? आई-वडील भारतीय, पाकिस्तानी किंवा नेपाळी असतील तर मूल वंशाने त्या देशाचं ठरतं की नाही, हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून. तिथे दाखले शोधण्यातच वर्षं जायची.

पुढे २००२ च्या कायद्याने ओव्हरसीज सिटिझनना आणि २००९ च्या कायद्याने ओव्हरसीज नॅशनलना, दुसरं नागरिकत्व नसेल तर, ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीची वाट खुली झाली. मात्र आधी असलेलं नागरिकत्व मुद्दाम सोडून आलेल्यांना ती नाही.