‘योग्या’ची कुळकथा
शस्त्रक्रिया शिकायला आलेल्या शिष्याच्या हाती सुश्रुतसंहिता आधी कोहळा देते. कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर छेद घ्यायला शिकायचं. चिखलपाण्याने भरलेल्या पखालीवर भेदन करायचं. शीर टोचायला कमळाचा देठ किंवा मेलेल्या जनावराची शीर, टाके घालायला कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा. फणसाचा नि बेलाचा गर काढता काढता आत रुतलेली वस्तू ओढून काढायचा हात बसतो. या सरावाला संहितेतला शब्द आहे ‘योग्या’, आणि सूत्रस्थानाचा सबंध नववा अध्याय तिच्यासाठी दिला आहे. कितीही शास्त्र वाचलेलं असो, योग्या न केलेला वैद्य कामाला अयोग्य, असं तिथे बजावलं आहे.

मला त्यातला कमळाचा देठ फार मोलाचा वाटतो. तो शिरेसारखा दिसत नाही. पण सुई किती दाबली की साल फुटते आणि आतली पोकळी लागते, हे बोटांना तो बरोबर शिकवतो. पट्ट्या बांधायला मात्र याच अध्यायात माणसाच्या आकाराचा बाहुला आहे, कारण तिथे अवयवाची ठेवण लागते.

म्हणजे घराणी दोन. बाहुल्याचं घराणं फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे उगवलं. पंधराव्या लुईच्या आज्ञेने १७५९ पासून गावोगाव फिरलेल्या मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापड आणि कातड्याचं बाळंतिणीचं धड शिवलं होतं. त्यावर तिने खेड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवलं. सोबतच्या कापडी बाळाच्या तोंडात बोट जाईल एवढी जागा ठेवलेली होती. पायाळू मूल सोडवताना डोकं वाकवायला तिथेच बोट घालावं लागतं.

कोहळ्याचं घराणं संगणकात पोचलं. येल विद्यापीठाच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांना पडद्यावर सराव दिला. पडद्यावर पित्ताशय नव्हतंच. नुसत्या आकृत्या चिमट्याने धरायच्या, ठरलेल्या जागा जाळायच्या, तरबेज सर्जनाइतका हात बसेपर्यंत. मग खऱ्या रुग्णाचं पित्ताशय सोडवायला या मुलांना २९ टक्के कमी वेळ लागला. सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट निघाली.

त्या यंत्रात हाताला स्पर्श कळत नव्हता. पुढे काही यंत्रांच्या मुठींत मोटरी बसवल्या, आणि पडद्यावरचं मांस बोटांना विरोध करू लागलं, देठाची साल फुटण्याआधी करते तसा.