कुसीतवत्थु, आरंभवत्थु आणि परळच्या दोन खोल्या

अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात आणि दीघनिकायाच्या संगीतिसुत्तात आळसाच्या आठ निमित्तांची एक यादी आली आहे. पालीत त्यांस 'कुसीतवत्थु' अशी संज्ञा आहे. काम करावयाचे आहे, अंग थकेल, म्हणून भिक्षू आधीच पडून राहतो. काम उरकले, अंग थकले, म्हणूनही पडून राहतो. प्रवासास निघावयाचे असले तरी पडतो, प्रवास करून आला तरी पडतो. भिक्षा पुरेशी मिळाली नाही म्हणून त्याच्या अंगात त्राण नसते, आणि भरपूर मिळाली तर जडत्व येते. किंचित बरे नसले की तो आडवा होतो, आणि दुखण्यातून उठला की अशक्तपणाचे कारण पुढे करून पुन्हा आडवा होतो. ही यादी वाचून हसू येते, आणि थोड्याच वेळात आपण स्वतःलाच हसत आहोत हे ध्यानी येते.

या यादीला लागूनच 'आरंभवत्थु' येतात. तीही आठच आहेत, आणि त्यातील प्रसंग तंतोतंत तेच आहेत. काम, प्रवास, भिक्षा, आजार यांत तिळमात्र बदल नाही. भूक लागलेला दुसरा भिक्षू म्हणतो, शरीर हलके आहे, आता उद्योगाला लागावे. आजारातून उठलेला म्हणतो, दुखणे उलटण्यापूर्वी जेवढे साधेल तेवढे साधावे. आळशी आणि उद्योगी अशा माणसांच्या दोन जाती येथे कल्पिलेल्या नाहीत. प्रसंग एक आणि त्यावरचे निर्णय दोन, एवढाच भेद आहे. अभ्यासकांनी या मांडणीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

हा विषय घेण्याचे कारण व्यवहारातले आहे. आमच्या पालीच्या वर्गास नोकरी सांभाळून येणारी मंडळी बरीच असतात. पहिला महिना उत्साहात जातो. पुढे कोणाची पाळी बदलते, कोणाच्या घरी दुखणे निघते, कोणाचा पेपर राहून जातो. मग चार महिन्यांनी भेटल्यावर खाली मान घालून सांगतात, 'सर, माझा स्वभावच असा आहे, मी काही शेवटास नेत नाही.' आणि पाठोपाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देतात : बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, आपल्याच्याने दोन होत नाहीत. त्यांच्या जयंतीच्या सुमारास अनेक ग्रंथालयांत अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्यामागील भाव आदरणीय आहे. परंतु अखंड, न थकणाऱ्या अभ्यासाचे हे चित्र इतिहासाला धरून नाही, आणि ज्याची तंद्री एकदा मोडली त्याला ते आणखी खचविते.

इतिहास काय सांगतो ते पाहू. मॅट्रिकच्या परीक्षेत १९०७ साली बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. त्यापूर्वीची तयारी परळकडच्या डबक चाळीतील एका खोलीत झाली. स्वयंपाक, निजणे, अभ्यास सारे तेथेच. घरची मंडळी झोपल्यावाचून वाचनास शांतता मिळत नसे. म्हणून सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला उठवीत आणि मग निजत. या हकिकतीत मुलाची जिद्द सर्वांना दिसते. बापाची जागरणे मला अधिक बोलकी वाटतात. उत्साह हा एकट्याच्या छातीत साठविलेला नव्हता, तो घराने वाटून घेतला होता.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. तेथील पहिले काही महिने मित्रमंडळींत आणि खेळांत गेले. पुढे एका रात्री घरच्यांची आठवण येऊन ते अभ्यासाकडे वळले, असे चरित्रांतून सांगितले जाते. ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही. ती लपविण्याजोगी मुळीच नाही.

१९१५ साली एम.ए. झाले, १९१६ च्या मध्यास डॉक्टरेटचा प्रबंध पुरा झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते लंडनला दाखल झाले. वर्षभरातच बडोद्याची शिष्यवृत्ती संपली. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाकडून घेऊन ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस परतले. सामान दुसऱ्या जहाजाने पाठविले होते. ते जहाज पाणतीराने बुडाले आणि त्याबरोबर पुस्तकेही गेली. बडोद्याच्या नोकरीत जातीमुळे राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून बाहेर काढल्यावर ते परत फिरले. आता परळ. पोयबावडीजवळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या, मोठे कुटुंब, आणि अर्धवट राहिलेला अभ्यास.

कुसीतवत्थूंपैकी बहुतेक सारी येथे एकत्र आली होती. प्रवास झाला होता आणि पुन्हा करावयाचा होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. त्या वेतनातून पैसा बाजूला पडू लागला. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज घेऊन जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मुदत संपावयास वर्षभराहून थोडाच अधिक अवधी होता. चाळीत माता रमाईंनी ओढाताणीत संसार चालविला. त्या काळाची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात नाही.

लंडनमध्ये अर्धपोटी राहून १९२१ साली एम.एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला, तो परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस येऊन बाबासाहेबांनी तो येथेच दुरुस्त केला, आणि नोव्हेंबरात डी.एस्सी. पदवी मिळाली. कोलंबियाचा प्रबंध मात्र अजून अडकलेलाच होता, कारण छापील प्रती दिल्यावाचून तेथे पदवी मिळत नसे. तो १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला आणि पदवी १९२७ साली हाती आली. लिहून झाल्यापासून अकरा वर्षांनी! त्या वर्षी महाडचा सत्याग्रह झाला होता.

पाली परंपरेत वीर्याच्या तीन धातू सांगितल्या आहेत : आरंभधातु, निक्कमधातु आणि परक्कमधातु. अट्ठकथेनुसार पहिली म्हणजे कामास हात घालणे, दुसरी म्हणजे आळसातून बाहेर पडणे, तिसरी म्हणजे पुढे पुढे जात राहणे. आरंभ झाल्यावर आळसातून 'बाहेर पडणे' पुन्हा का सांगावे? कारण आरंभ केलेला माणूसच मध्ये बसतो. जुलै १९२० ची बोट ही माझ्या मते निक्कमधातूची बोट होती.

अतिरेकाचेही एक सुत्त याच निकायात आहे. सोण कोळीविस चंक्रमण करता करता इतका खपला की पाय फुटून रक्त आले, आणि फळ मिळेना म्हणून घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. भगवंतांनी त्याला तो पूर्वी वाजवीत असलेल्या वीणेची आठवण दिली : तारा फार ताणल्या तर, फार सैल सोडल्या तर, काय होते? अठरा तासांचे उपक्रम आखणाऱ्यांनी या सुत्ताचेही वाचन ठेवावे.

आपल्या विषयाच्या क्षेत्रातले आणखी एक नाव येथे सांगितले पाहिजे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी 'निवेदन' या आत्मकथनात आपल्या तारुण्यातील निराशा आणि दुर्बलता आडपडदा न ठेवता लिहिली आहे. १९०२ साली ते सिंहलद्वीपात विद्योदय परिवेणात पाली शिकावयास पोचले, तेव्हा घरी पत्नी व मुलगी होती. पुढे १९३७ साली याच कोसंबींनी परळला बहुजन विहार उभा केला. बाबासाहेबांच्या चाळीपासून तो चालत जाण्याच्या अंतरावर होता.

माझ्या स्वतःच्या टेबलाच्या खणात एका अट्ठकथेच्या भाषांतराची वही नऊ वर्षे पडून आहे. पहिली चाळीस पाने सुवाच्य अक्षरात आहेत, पुढील सहा घाईत लिहिलेली, त्यापुढे कोरी. कारण विचारले तर आठांपैकी पाच तरी मी सहज देऊ शकेन. हा लेख लिहिण्यासाठी सुत्त पुन्हा वाचले, तेव्हा ती वही बाहेर काढली. सत्तेचाळिसाव्या पानावर आजची तारीख घातली आहे.