घरपट्टी आगाऊ भरली. जादा रक्कम परत कशी मिळते?

गौरी-गणपतीला कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरणारा मुंबईकर चाकरमानी सुट्टी संपण्यापूर्वी एक काम आवर्जून उरकतो. ग्रामपंचायतीत जाऊन तो वर्षाची घरपट्टी भरतो. त्यामागे हिशेब असतो. ग्रामपंचायत हद्दीत ३० सप्टेंबरपूर्वी कर भरल्यास ५ टक्के सूट मिळते आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत न भरल्यास ५ टक्के दंड लागतो. शहरांतही लवकर कर भरणाऱ्यास सवलत देण्याची पद्धत आहे. पुण्यात वर्षारंभी भरणा करणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट दिली जाते.

मात्र आगाऊ भरलेली रक्कम पुढे जादा ठरली तर ती परत मिळते का, कोणाकडून आणि कशी, याची माहिती फार थोड्यांना असते.

कायद्याचा आधार

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने दिलेली रक्कम स्वीकारणाऱ्याने परत केली पाहिजे. हे तत्त्व करालाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने कन्हैयालाल खटल्यात स्पष्ट केले. परतावा हा अशा रीतीने करदात्याचा हक्क ठरतो. मात्र दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असल्याने अर्ज लांबणीवर टाकणे हिताचे नसते.

स्थानिक नियम संस्थेनुसार बदलतात. वीरसारख्या गावांत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम व १९६० चे कर व फी नियम, महाड शहरात नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम, तर मुंबईत १८८८ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे.

रक्कम जादा केव्हा ठरते?

पहिला प्रकार हिशेबातील चुकीचा. एकाच मागणीचा दोनदा भरणा होतो किंवा देय सूट वजा केली जात नाही. समजा, घरपट्टी २,००० रुपये आहे आणि ऑगस्टमध्ये पूर्ण २,००० रुपये घेतले गेले. तर ५ टक्क्यांप्रमाणे १०० रुपये जादा झाले.

दुसरा प्रकार आकारणी कमी होण्याचा. क्षेत्रफळ किंवा बांधकामाचा प्रकार चुकीचा नोंदला गेला असेल, तर हरकतीनंतर कर घटतो. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते. अपील प्रलंबित असताना कर भरावा लागल्यास तो ‘निषेध नोंदवून’ भरावा आणि तसे लेखी द्यावे.

तिसरा प्रकार मालमत्तेच्या स्थितीतील बदलाचा. सावित्री व गांधारी नद्यांच्या काठच्या महाडला २००५ व २०२१ च्या जुलैतील महापुरांनी हा प्रश्न जवळून दाखविला. मे महिन्यात वर्षाचा कर भरलेल्या घराची भिंत जुलैत उरली नाही, तर उरलेल्या महिन्यांच्या कराचे काय? अशा वेळी घर पडल्याची लेखी सूचना तात्काळ देणे महत्त्वाचे. मुंबईच्या कायद्यात तर अशी सूचना मिळेपर्यंत पाडलेल्या इमारतीचा कर देण्याची जबाबदारी कायम राहते. महसूल विभागाच्या पंचनाम्याची प्रत अर्जासोबत जोडावी. जागेवरील कर मात्र इमारत गेली तरी राहू शकतो.

रोख की समायोजन?

स्थानिक संस्था सहसा रोख परतावा देण्याऐवजी जादा रक्कम पुढील मागणीत वळती करतात. याचे ठळक उदाहरण पुण्याचे आहे. स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत २०१९ नंतर अनेकांच्या बिलांतून गेली. २०२३ मध्ये राज्य शासनाने ती कायम केली, तेव्हा दरम्यान पूर्ण कर भरलेल्यांची फरकाची रक्कम चार वर्षांच्या बिलांत वळती करण्याचे ठरले. त्यासाठी ‘पीटी-३’ अर्ज भरून घेण्यात आला. ज्यांनी निमूटपणे वेळेवर पैसे भरले, त्यांनाच आपले पैसे मिळविण्यासाठी अर्ज करावा लागला.

समायोजन सोयीचे असले, तरी घर विकले असल्यास ते उपयोगी पडत नाही. जमा रक्कम मालमत्तेच्या खात्यावर राहते आणि लाभ नव्या मालकाला होतो. म्हणून विक्रीपूर्वीच हिशेब मिटवावा, अथवा खरेदीखतात भरलेल्या कराचा उल्लेख करावा. सूट घेऊन कर भरला असेल, तर परतावा प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवरच मागता येईल, हेही ध्यानात ठेवावे.

अर्ज करताना

अर्ज ग्रामपंचायतीत सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे, तर नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा. त्यात मालमत्ता क्रमांक, वर्ष, भरलेली रक्कम, देय रक्कम आणि फरक स्वतंत्रपणे मांडावा. सोबत कराची पावती (ग्रामपंचायतीत नमुना १०), आकारणीचा उतारा (नमुना ८) आणि ऑनलाइन भरणा असल्यास बँकेचा उतारा जोडावा. रोख परतावा हवा की समायोजन, हे स्पष्ट लिहावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. नमुना ८ चा उतारा व थकबाकी नसल्याचा दाखला या लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील सेवा असल्याने त्या ठरलेल्या मुदतीत मिळतात. अर्जावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारता येते.

शंभर रुपयांसाठी मुंबईहून वीरला कोण खेटे घालणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हीच चूक मागणीच्या नोंदवहीत कायम राहिली, तर ती दरवर्षी नव्याने वसूल होते. म्हणून कर भरताना पावतीवरील आकडे तिथेच, खिडकीसमोर उभे असताना, मागणीशी ताडून पाहावेत.