जुनेराचा संसार

कौशांबीचा राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी एकदा बुद्धशिष्य आनंद याचा उपदेश ऐकला आणि प्रसन्न होऊन त्यास पाचशे उत्तरीये अर्पण केली. हे वृत्त राजाच्या कानी गेले, तेव्हा त्यास ते रुचले नाही. संन्याशाने एवढी वस्त्रे घेऊन करावयाचे काय? तो कापडाचे दुकान तर थाटणार नाही? राजाने स्वतः जाऊन आनंदास विचारले. ज्या भिक्षूंची वस्त्रे विरली आहेत, त्यांस ही वाटून देऊ, असे आनंद म्हणाला. मग त्यांच्या जुन्या वस्त्रांचे काय? त्यांच्या पासोड्या करू. जुन्या पासोड्यांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरावयाच्या बैठका. त्या झिजल्या की पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी अगदीच निकामी झाली म्हणजे त्यांचे बारीक तुकडे करून ते चिखलात कालवू आणि जमीन लिंपू. हे ऐकून राजाची खात्री पटली, व त्याने आणखी पाचशे वस्त्रे आनंदास दिली.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आलेली ही कथा काटकसरीच्या उपदेशासाठी सांगितली जाते. परंतु तिच्याकडे गृहेतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर तीत दुसरेही काही आढळते. आनंदाने सांगितलेल्या पायऱ्यांपैकी पहिली सोडली, तर बाकीच्या सर्व घराच्या सजावटीच्या व निगेच्या आहेत. पासोडी, खोळ, बैठक, पायपुसणे, लिंपण, ही सर्व माणसाच्या अंगावरून उतरून घराच्या अंगावर चढलेली वस्त्रेच होत. भारतातील सामान्य माणसाचे घर कित्येक शतके असेच सजत आले. राजवाड्यांतील गालिच्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. जुनेराचा इतिहास मात्र बहुधा सुईनेच लिहिला गेला.

आनंदाच्या या पायऱ्या मराठी घरास अपरिचित नाहीत. नऊवारी लुगडे नवे असताना सणावारी नेसावयाचे, रंग उतरला की रोजच्या वापरास घ्यावयाचे. ते मध्यभागी विरले की धडका भाग काढून मुलीचा परकर शिवावयाचा. त्याहून मऊ झाले की त्याची तान्ह्या बाळासाठी झबली व दुपटी करावयाची. कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगास टोचते, आणि शेकडो वेळा धुतलेल्या कापडाइतके मऊ दुसरे काही नसते. उरलेल्या पट्ट्यांची चौघडी किंवा गोधडी व्हावयाची. गोधडीही फाटली म्हणजे तिच्या चिंध्यांचे पायपुसणे, मग पोतेरे, आणि अखेरीस चुलीजवळचा काकडा. दारी येणारी बोहारीण भांड्याच्या मोबदल्यात जुने कपडे घेई, तेव्हा तिच्या गाठोड्यात काय टाकावयाचे आणि गोधडीसाठी काय राखावयाचे, याचा हिशेब गृहिणीच्या मनात आधीच झालेला असे.

ही गोधडी केवळ पांघरुणाची सोय नव्हती. सारवलेल्या जमिनीवर जुन्या कापडाचे थर सुरकुती न पडू देता पसरावयाचे, कडा टाचून घ्यावयाच्या, आणि मग काठाकडून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळींमागून ओळी घालीत जावयाचे, ही तिची रीत. वरच्या थरासाठी तुकडे निवडताना रंगास रंग जुळवावा लागे. लाल खणाशेजारी हिरवी पट्टी, निळ्या चौकोनाच्या कोपऱ्यास पिवळा त्रिकोण, अशी मांडणी मनातल्या मनात करून मग सुई हाती घ्यावयाची. चोळीच्या खणांच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे व चंच्या होत. फुटलेल्या काकणांचे तुकडेही वाया जात नसत. ते ज्योतीवर तापवून, वाकवून, एकमेकांत गुंतवून त्यांची तोरणे केली जात. या वस्तूंस लागणारी सामग्री विकत घ्यावी लागत नसे. तथापि दारावरचे तोरण आणि बाजेवरची गोधडी पाहून घरात बाई कशी आहे, याची पारख शेजारणी करीत.

याच कुळातील, परंतु कलेच्या दृष्टीने अधिक उंच गेलेली वस्तू म्हणजे बंगालची कांथा. हा शब्द आपल्या ‘कंथा’ या शब्दाचाच भाऊ होय. ठिगळे जोडून केलेले, जोग्या-बैराग्याच्या अंगावरचे वस्त्र हा त्याचा जुना अर्थ. कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृता’त एक प्रसंग आहे. जगन्नाथपुरीस चैतन्य महाप्रभू केळीच्या सोपटांवर निजत, आणि त्यांच्या कृश देहास ते रुतत असे. जगदानंद या भक्ताने कापूस भरून गादी व उशी तयार केली. परंतु संन्याशास हा विलास कशाला, म्हणून प्रभूंनी ती नाकारली. तेव्हा स्वरूप दामोदरांनी केळीची वाळलेली पाने आणविली, नखांनी त्यांचे बारीक तंतू काढले, आणि प्रभूंच्याच दोन जुन्या वस्त्रांत ते भरून अंथरूण केले. ते मात्र प्रभूंनी, बऱ्याच आग्रहानंतर, स्वीकारले. विकतची गादी नाकारणाऱ्या विरक्तास जुनेराचे अंथरूण चालले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जुनेरात ऐश्वर्याचा गर्व नसतो. फक्त कोणाचे तरी श्रम असतात.

बंगालमध्ये त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारचे भरतकामही होत होते. सातगावच्या बाजूस सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी टसर रेशमाने भरलेल्या मोठमोठ्या रजया तयार होत व जहाजांतून युरोपास जात. त्यांचे कापड नवे, रेशीम मोलाचे, आणि नक्षीवर गिऱ्हाइकाच्या आवडीची छाप. खेड्यातील कांथेची गोष्ट अगदी उलट. तिचे कापड म्हणजे वापरून मऊ झालेली पांढरी धोतरे व साड्या. त्यांचे तीन-चार किंवा अधिक थर एकावर एक घालीत. आणि रंगीत दोरा? तोही विकत आणीत नसत. जुन्या साडीच्या काठातून एकेक धागा जपून उसवून काढीत. काठ बहुधा लाल, निळे किंवा काळे. म्हणून जुन्या कांथांतील रंगही तेच. पांढऱ्या भूमीवर दोन-तीनच रंगांचा जो संयम पाहून आज जाणते लोक डोलतात, त्याचे मूळ असे साडीच्या काठात आहे. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके इतके दाट पडत की साऱ्या कापडावर पाण्याच्या लहरींसारख्या सुरकुत्या उमटत.

मध्यभागी शतदल कमळ, चार कोपऱ्यांत चार वृक्ष किंवा कोयऱ्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत संसारातील वाटेल ते, अशी कांथेची सामान्य रचना असे. हत्ती, घोडे, पालख्या, रथ, मासे, कंगवे, अडकित्ते, आणि एकोणिसाव्या शतकात तर बंदूकधारी शिपाईही. प्रत्येक प्रकारास निराळे नाव होते. थंडीत पांघरावयाची ती लेप, पाहुण्यास बसावयास अंथरावयाची ती सुजनी, पोथी किंवा मोलाची वस्तू गुंडाळावयाचा तो बायतन, उशीचा अभ्रा तो ओआर, आणि आरसा व कंगवा झाकावयाची ती आरशीलता. काही कांथांवर करणारीने आपले नावही टाक्यांनी लिहून ठेवले आहे. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी केलेली कांथा अशांपैकी प्रसिद्ध आहे. परंतु अशी नावे थोडी. बाकीच्या असंख्य हातांचा काहीच मागमूस उरलेला नाही.

गिरणीचे स्वस्त कापड आणि दुकानात मिळणारा रंगीत दोरा घरोघर पोहोचला, तसतशी काठातून धागे उसविण्याची गरज संपत गेली. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या धर्तीची कांथा विरळ होऊ लागली. तिची कदर करणारे याच वेळी पुढे आले, हा योग मोठा विलक्षण होय. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे नोकरीनिमित्त बंगालच्या जिल्ह्यांतून हिंडत असता खेड्यांतील पट, बाहुल्या, मातीची कामे आणि कांथा गोळा करीत. ज्या चिंध्यांकडे सुशिक्षितांनी पाहिलेही नव्हते, त्यांस त्यांनी कलेचा मान दिला. त्यांच्या पत्नी सरोजनलिनी यांनी १९१३ पासून ग्रामीण भागात स्त्रियांच्या समित्या स्थापन करण्याचे कार्य चालविले होते. १९२५ मध्ये त्या निवर्तल्यावर दत्तांनी ते कार्य त्यांच्या नावाने पुढे नेले. कवी जसीमुद्दीन यांचे ‘नक्षी कांथार माठ’ हे काव्य १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले, व कांथा काव्याचाही विषय झाली. १९३९ मध्ये कलकत्ता विद्यापीठात कलेतिहास शिकविणाऱ्या स्टेला क्रामरिश यांनी कांथेवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांच्या संग्रहातील कांथा पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात गेल्या, तर दत्तांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथे ठेवण्यात आला.

स्वस्त सामग्रीतून शोभा निर्माण करण्याचे हे घरगुती तत्त्व त्याच दशकात राष्ट्रीय व्यासपीठावरही आले, आणि तेही महाराष्ट्रात. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्यासाठी उभारलेल्या टिळकनगराच्या सजावटीस गांधीजींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस यांस बोलाविले. अट एवढीच, की सामग्री खेड्यातील असावी आणि हातही खेड्यातील असावेत. बांबू, गवत व चटया यांतून तेथे मंडप व कमानी उभ्या राहिल्या. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी हातकागदावर साध्या मातीच्या रंगांनी चित्रे काढली. शिंपी, सुतार, ढोलकीवाला, कांडण करणारी बाई, असे त्यांचे विषय होते. आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रतींसह तेथे सुमारे चारशे चित्रफलक लागले. दारिद्र्यातही सौंदर्य राहू शकते, ही गोष्ट सामान्य गृहिणीस कधीच सिद्ध करावी लागली नव्हती. ती राष्ट्रास या दोन अधिवेशनांनी दाखविली.

१९४७ च्या फाळणीत जेसोर, फरीदपूर, राजशाही, मैमनसिंग हे कांथेचे नामांकित प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेले. १९७१ च्या युद्धानंतर तेथे बांगलादेश हे राष्ट्र झाले, तेव्हा निराधार झालेल्या स्त्रियांस उपजीविकेचे साधन म्हणून सामाजिक संस्थांनी कांथेचे काम पुन्हा सुरू केले. १९७८ मध्ये निघालेल्या ‘आडोंग’ या विक्री-संस्थेसारख्या दुकानांतून ते शहरांत व परदेशांत पोहोचले. येथे इतिहासाने एक वळण घेतले. बाजारासाठी होणारी कांथा बहुधा नव्या कापडाची व विकतच्या दोऱ्याची असते. जुनेर गेले, टाका राहिला. पण त्याबरोबरच आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी ज्या टाक्यास किंमतच नव्हती, त्याचा मोबदला द्यावा लागू लागला, आणि मग तो पुरेसा आहे की नाही, हा प्रश्नही प्रथमच विचारता आला.

वस्तुतः या साऱ्या इतिहासातील खरी गाठ येथेच आहे. गोधडी आणि कांथा यांस आपण स्वस्त वस्तू म्हणतो. त्या फुकटात होतात, असेही सहज बोलून जातो. जुनेर फुकट होते, हे खरे; परंतु टाका फुकट नव्हता. दुपारी सारे निजल्यावर, रात्री दिव्याच्या मंद उजेडात, एकेका कांथेवर महिनेच्या महिने आणि कधी वर्षेही खर्च होत. ते तास कोणत्याच जमाखर्चात लिहिले गेले नाहीत, म्हणून वस्तू स्वस्त दिसली. ज्या घरात पैसा नव्हता, तेथे बाईने पैशाच्या ठिकाणी आपले आयुष्य घातले. तिच्या हौसेचे कौतुक करताना तिच्या नाइलाजाचा विसर पडू देणे न्यायाचे होणार नाही. पुष्कळ जणींस दुसरे पांघरूण मिळण्याची आशाच नव्हती, म्हणून त्यांनी गोधडी शिवली. आणि शिवावयाचीच आहे तर ती सुंदर का असू नये, म्हणून रंगास रंग जुळविला. हे दुसरे काम त्यांस कोणी सांगितले नव्हते. त्यांचे स्वातंत्र्य काय ते तेवढ्यात होते.

आज शहरांतील घरांत कापडाचा तुटवडा नाही. कपाटे भरलेली आहेत, आणि न विरलेले कपडेही घराबाहेर जातात. टाकाऊ वस्तूंतून घर सजविण्याची हौस पुन्हा वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण ती हौस पुरी करण्यासाठी नवे कापड आणून ते जुन्यासारखे दाखविणे, हा उदयन राजाच्या शंकेस दिलेला योग्य जबाब नव्हे. आनंदाने त्यास सांगितले होते ते एवढेच, की प्रत्येक वस्तूस पुढची एक पायरी असते. ती पायरी ओळखावयास डोळा लागतो, तेथवर नेऊन पोहोचविण्यास हात लागतो, आणि त्या हाताचे मोल जाणणारे कोणी तरी घरात असावे लागते. फडताळात घडी घालून ठेवलेली आजीची गोधडी कधी उलगडली, तर तिच्यातील रंग जरूर पाहावेत. परंतु एखाद्या कोपऱ्यातील टाकेही मोजून पाहावेत.